दिवेलागणीचा कॅमेरा

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत संध्याकाळ लवकर येते. दोन्ही बाजूंना उंच घरं, मधली वाट एवढी अरुंद की समोरून गाय आली तर माणसाने कुणाच्या तरी दारात शिरावं. वर गच्चीवर अजून ऊन असतं तेव्हा खाली दाराशी चेहरा ओळखू येत नाही. मला कॅमेरा हवा होता तो नेमका या वेळेसाठी. लोक रात्रीच्या चोरासाठी कॅमेरा घेतात. मला माझ्या बाबांसाठी घ्यायचा होता.

बाबा पाणके होते. पाणक्या म्हणजे दुसऱ्यांच्या देवघरासाठी सोवळ्याने पाणी भरणारा माणूस. पहाटे नळाखाली आंघोळ करायची, ओला पंचा नेसायचा, तांब्याची कळशी खांद्यावर घ्यायची, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरून गंगेचं पाणी भरायचं आणि आसपासच्या मराठी घरांतून पोचवायचं. खेपा संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि कुणी अंगाला शिवायचं नाही. शिवलं तर पाणी ओतून द्यायचं, पुन्हा आंघोळ, पुन्हा त्या पायऱ्या. लहानपणी मी झोपेतून उठून त्यांच्याकडे धावायचे तेव्हा ते हात पुढे करायचे. तळवा माझ्याकडे, बोटं पसरलेली. तिथंच थांब. मी थांबायचे.

गल्लीतले शास्त्री-पंडित एरवी त्यांना "ए पाणक्या" अशी हाक मारायचे. पण कळशी खांद्यावर असली की हेच लोक भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. बाबांची ऐट तेवढीच, आणि तेवढ्याच वेळेपुरती.

मी त्या पाणक्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी. बी.एस्सी., मग बी.एड. हे मी कुणालाही सांगते, सांगताना आवाज खाली करत नाही. नदीपलीकडे रामनगरला एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळा सुटल्यावर तिथंच शिकवण्या घेते. पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत काळोख झालेला असतो.

बाबांनी पाणी भरणं सोडून बरीच वर्षं झाली होती. आधी गुडघे गेले, मग घरोघरच्या देवांनी नळाचं पाणी चालवून घेतलं. त्यानंतर डोकं जायला लागलं. नावं गेली, आज कुठला वार ते गेलं, जेवलो की नाही ते गेलं. वाईट होती ती दिवेलागणीची वेळ. दुपारी झोपून उठले की खिडकीतून करडा उजेड दिसायचा आणि त्यांना वाटायचं, पहाट झाली. "उशीर झाला, उशीर झाला," म्हणत ते बाहेर पडायचे. डॉक्टर म्हणाले, या आजारात संध्याकाळी असं होतं, संभाळा. संभाळा म्हणायला काय जातं! आईला कमी ऐकू येतं आणि त्या वेळी ती वर देवापाशी असते. एकदा मी दाराला बाहेरून कुलूप लावून गेले. बाबांनी दारावर इतकं आपटलं की हात सुजून आले. आई म्हणाली, "घरच्या माणसाला कोंडतात का ग? परत कुलूप लावलंस तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही."

म्हणून कॅमेरा. ते दाराबाहेर आले की माझा फोन वाजेल, मी समोरच्या काकांना फोन करीन, काका त्यांना हाताला धरून परत आणतील. काका निवृत्त संस्कृत शिक्षक, दिवसभर आपल्या ओट्यावर बसलेले. त्यांना सांगायला गेले तर हसले.

"पाणक्याच्या दारावर पहारा! असं काय सोनं आहे ग घरात?"

"बाबा आहेत."

"बरं बाई, बरं. वाजव फोन. मी इथंच असतो, कुठं जातोय?"

पहिला कॅमेरा मी डब्यावरचं वाचून घेतला आणि फसले. रात्री बघायला तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड फेकत होता. मोकळ्या अंगणात ते ठीक. आमच्याकडे समोरची भिंत हात लांब केला तर लागते. उजेड त्या चुन्याच्या भिंतीवर आदळून परत यायचा आणि चित्रात सगळं पांढरं. शिवाय माकडांनी ओढून नेऊ नये म्हणून लोखंडी जाळी बसवली होती, ती त्या उजेडात स्वतःच चमकायची. माणूस दारातून बाहेर पडला की त्याच्या मानेवर चेहऱ्याऐवजी चुन्याचा गोळा. आणि संध्याकाळच्या त्या वेळेला तर यंत्राचाच गोंधळ. घडीत रंगीत, घडीत काळंपांढरं. दिवस आहे की रात्र हे त्यालाही ठरवता येईना. बाबांसारखंच झालं होतं त्याचं.

दुसरा घ्यायला मी रामनगरच्या बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बहनजी, ये लीजिए, रात में भी रंगीन. एकदम झक्कास."

"शटर गिराइए," मी म्हटलं.

"क्या?"

"दिन में तो सब अच्छे दिखते हैं. आधा शटर गिराइए और सामने से चलकर दिखाइए."

तो गिऱ्हाइकांकडे बघून हसला. "मास्टरनी हैं क्या?"

"हूँ."

त्याने शटर अर्धं खाली ओढलं. मी त्याला स्वतःच्याच दुकानात इकडून तिकडे चालायला लावलं. एका कॅमेऱ्यात त्याचा शर्ट छान निळा दिसला, पण चालताना त्याच्यामागे धुराचं शेपूट यायचं. कमी उजेडात चित्र उजळ करायला ते यंत्र भिंगामागची झडप जास्त वेळ उघडी ठेवत होतं, मग हलणारं सगळं फासलं जाणार. तो नको. मला भिंगाचं तोंड मोठं हवं होतं, आतला प्रकाश टिपणारा तुकडा मोठा हवा होता. चौथ्या की पाचव्या कॅमेऱ्यासमोर मी त्याला उभं केलं. "हाथ दिखाइए. पूरा पंजा." पडद्यावर बोटं सुटी सुटी दिसली, अंगठीतला खडासुद्धा.

"अब कुंडली भी देख लीजिए," तो म्हणाला. पण शटर वर करताना त्याने आपल्या माणसाला हळूच सांगितलं, "यही वाला रखो सामने, बढ़िया है."

त्या दिवशी पुलावरून येताना मी मनात खूश होते. डब्याला न भुलता, कुणाला न विचारता मी वस्तू निवडली होती. दारावर आईच्या पणतीच्या कोनाड्यात पिवळा लहान दिवा बसवला, कॅमेऱ्याला तेवढा आधार पुरला. करड्या उजेडात गल्ली जशी आहे तशी दिसायला लागली.

दोनदा सगळं ठरल्यासारखं झालं. बाबा बनियन-लुंगीवर बाहेर आले, फोन वाजला, काकांनी दंड धरला, "चला, चहा घेऊ," म्हणाले आणि आत सोडलं. मी रामनगरला बसून ते पाहिलं. मुलांना म्हटलं, पुढचं गणित करा.

तिसऱ्या वेळी पौष होता. दिवसभर धुकं, ऊन पडलंच नव्हतं. संक्रांत जवळ आली म्हणून आईने कळशी काढून, चिंच लावून लखलखीत घासली होती आणि नळापाशी उपडी ठेवली होती. फोन वाजला. पडद्यावर बाबा. अंगाला चिकटलेला ओला पंचा, उघडी छाती, केसांतून पाणी ठिबकतंय, खांद्यावर कळशी. ताठ उभे होते. इतके ताठ मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

कॅमेऱ्यातून बोलता येतं. मी बोलले, "बाबा, पहाट नाही, संध्याकाळ आहे. आत जा."

त्यांनी वर पाहिलं. आवाज ओळखला, हे मी शपथेवर सांगेन. मग हात पुढे केला. तळवा माझ्याकडे, बोटं पसरलेली. आणि चालू लागले.

मी काकांना फोन केला.

"दिसले, दिसले, उठतोय," काका म्हणाले. पडद्यावर ते ओट्यावरून उतरले, दोन पावलं पुढे आले आणि भिंतीला टेकले.

"काका, धरा त्यांना."

"अगं, सोवळ्यात आहेत."

"धरा हो!"

"कळशी आहे खांद्यावर, कसा हात लावू? मी ओवळ्यात. हाक मारतोय, पण बोलत नाहीत, मौन आहे त्यांचं."

"काका, त्यांना काही कळत नाही. हाताला धरा. मी सांगते ना, धरा!"

"मी आहे ना मागे. तू ये सावकाश."

काका खरंच मागे गेले. कॅमेऱ्याला आमच्या गल्लीच्या वळणापर्यंतच दिसतं. तिथपर्यंत जे दिसलं ते असं. दहीवाला आपली परात छातीशी धरून बाजूला झाला. एका यात्रेकरू बाईने पदर आवरून घेतला. शास्त्रीबुवांच्या मुलाने मोटरसायकल बंद करून भिंतीला लावली. कुणी धक्का दिला नाही, कुणी हसलं नाही. सगळ्यांनी वाट दिली.

मी पुलावर ऑटोत अडकले होते तेव्हा काकांचा पुन्हा फोन आला. त्यांना नीट बोलता येत नव्हतं. बाबा शेवटच्या पायरीपर्यंत न चुकता उतरले होते. कळशी भरायला वाकले. पायरीवर शेवाळ होतं. काका वरून ओरडले. घाटावरचे नावाडी, मल्लाह, नाव सोडून पाण्यात उतरले आणि त्यांनी बाबांना बाहेर काढलं, पण फार वेळ गेला होता. मल्लाहांनी त्यांना काखेत हात घालून उचललं, छाती दाबली, गाल चोळले. मी पोचले तेव्हा बाबा त्यांच्या मांडीवर होते आणि गल्लीतली माणसं वरच्या पायऱ्यांवर उभी होती.

तेराव्यापर्यंत जो आला त्याला ते चित्र बघायचं होतं. "काय स्वच्छ आलंय!" म्हणायचे. एकाने तर कॅमेरा कुठला तेही विचारलं. मी सांगितलं. चांगलाच आहे तो.

काका चौदाव्या दिवशी आले. ओट्यावर बसायचं त्यांनी बंद केलं होतं. दारातच उभे राहिले.

"पोरी, मी मागेच होतो ग."

"हो. दिसतंय."

"अख्खा जन्म आम्ही त्यांना तशीच वाट दिली. त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही."

लोक म्हणतात, म्हाताऱ्याला दोष देऊ नकोस. मी देत नाही. पण "असू दे काका" हे शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि गेले.

आई चित्र बघायला तयार नव्हती. परवा दिवेलागणीला आपणच म्हणाली, "दाखव." मी फोन तिच्या हातात दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला. बाबा दारात आले, वर पाहिलं, हात पुढे केला. तिथं मी थांबवलं. तळहातावरच्या रेषासुद्धा दिसतात.

"रोज पहाटे असेच जायचे," आई म्हणाली. "पंचा बघ कसा नेसलाय. ओचा स्वतः खोचलाय, मी नव्हते जवळ." मग तिने हाताकडे बोट दाखवलं. "हे कुणाला थांब म्हणतायत?"

"मला," मी म्हटलं.

तिने फोन परत माझ्या हातात दिला. उठून दारावरच्या कोनाड्यातली पणती लावायला गेली. माझ्या हातातला फोन वाजला. दारात कुणीतरी आलंय म्हणत होता. आई होती.