लसीच्या डब्यांत मिसळलेली कुपी

पेशीच्या पडद्यावर काम करते असं सांगितलं, की आमच्या पाली गावात लोक आधी खिडकीकडे बघतात. म्हणून मी सांगणं सोडून दिलं होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एवढंच ठाऊक होतं की पोरगी बीडच्या कॉलेजात शिकवते आणि आपल्याच शेरडांच्या रक्तावर पीएचडी करते.

पेशीभोवतीचा पडदा फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचा बनलेला असतो. हे रेणू पडद्यात कसे सरकतात ते मला पाहायचं होतं, पण ते दिसत नाहीत. मग त्यातल्या काहींना एक चमकणारा तुकडा जोडून घेतात. निळा प्रकाश पडला की तो हिरवा उजळतो. अशा रेणूंची चिमूटभर पूड, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, परदेशातून यायची होती. तिची मी पाच महिने वाट पाहिली होती. तिला गार ठेवायचं आणि उजेड लागू द्यायचा नाही, एवढ्याच अटी होत्या.

पार्सल आलं ते नेमकं कॉलेज निवडणुकीसाठी ताब्यात घेतलं होतं तेव्हा. फाटकावरचे पोलीस म्हणाले, "म्याडम, दोन दिवस आत कुणालाच सोडायचं न्हाई." प्रयोगशाळेतला फ्रीझर आत आणि मी डबा पोटाशी धरून बाहेर. त्यातला कोरडा बर्फ निम्मा उडून गेलेला. घरच्या फ्रीजचा भरवसा नव्हता, दुपारी लाईट जायचीच. मी दादांना फोन केला.

"गुरांच्या दवाखान्यात हाय की बर्फाची पेटी," ते म्हणाले. "नेकनूरला. लसी ठिवतेत त्यात, लाईट गेली तरी गार ऱ्हाती. तू बस धर, मी पालीला चढतो."

नेकनूरच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. शेरडांच्या लसीकरणामुळे दादांना चांगलं ओळखायच्या.

"विषारी नाही ना काही?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुपाचा लांबचा नातेवाईक समजा."

त्या हसल्या आणि फ्रीझरच्या तळाशी जागा करून दिली. कुपी चंदेरी कागदात गुंडाळून मी एका छोट्या पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यात घातली, वर माझं नाव लिहिलं. आत लस नाही, हे लिहायचं मला सुचलं नाही. चूक माझीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या मोटारसायकलवर डबा आणायला गेलो, तर फ्रीझर रिकामा. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सगळे डबे लसीच्या क्यांपाला गेले. कपिलधारच्या रस्त्याला वस्ती हाय ना, तिथं."

डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. आम्ही तसेच वस्तीकडे निघालो. गाडीवर मागं बसून मी एकच हिशोब करत होते: उन्हात डबा उघडा पडला तर किती वेळात सगळं वाया जाईल. घाटाच्या वळणावर दादा गाडी हळू करून म्हणाले, "न्हाई सापडलं तं दुसरं मागवू."

"दुसरं यायला वर्ष जाईल, दादा."

"मंग जाईल वर्ष. तू कुठं पळून चाललीस?"

त्यानं मला धीर आला असं नाही, पण मी हिशोब थांबवला.

वस्तीवर बाभळीखाली शेळ्यांची रांग लागली होती. मला पाहताच डॉक्टर हातातली सुई खाली ठेवून उठल्या. "लस काढायला गेले तेव्हा कळलं, हा तुमचा डबा. तेव्हापासून बर्फाच्या पिशव्यांत दाबून ठेवलाय." मी डब्याला हात लावला. गार होता. पण नुसतं गार असणं पुरेसं नव्हतं. आतली पूड शाबूत आहे की नाही, ते हाताला कळत नाही.

बीडला पोचलो तेव्हा कॉलेज उघडलं होतं. दादा प्रयोगशाळेच्या दारात स्टुलावर बसले. मी पुडीचा कण विरघळवून पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर थेंब लावला आणि पट्टी थोड्या द्रवात उभी केली. द्रव त्या पट्टीवर हळूहळू चढतो आणि पदार्थाला सोबत नेतो. पदार्थ मोडला असेल तर दोन-तीन ठिपके वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. पट्टी वाळवली, खिडक्या लावल्या, निळा दिवा धरला.

हिरवट पिवळा एकच ठिपका. मी पट्टी फिरवून पुन्हा पाहिली. एकच.

"एक म्हंजी चांगलं का वाईट?" दारातून दादांनी विचारलं.

"चांगलं. लई चांगलं."

त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. तेव्हा मला समजलं, की सकाळपासून घाबरलेली मी एकटीच नव्हते. मी तिथंच फरशीवर बसले. मग दादा म्हणाले, "चल, कायतरी खाऊ." आम्ही बसस्टँडसमोर भजी खाल्ली. मला इतकी भूक लागली होती हे पहिला घास घेईपर्यंत कळलंच नव्हतं.

आठवड्यानं शेळीच्या रक्तपेशींत ती पूड मिसळली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक हिरव्या बांगड्या दिसल्या, शेकड्यांनी. प्रत्येक बांगडी म्हणजे एका पेशीचा पडदा.

मी लगेच डॉक्टरांना फोन करून पूड शाबूत असल्याचं सांगितलं. त्या आधी मनापासून हसल्या, मग जरा थांबल्या.

"आता सांगायला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मला सापडला तेव्हा तुमच्या डब्याचं झाकण उघडं होतं. ऊन आत पडत होतं. किती वेळ, देव जाणे. तुमचं तोंड बघून सांगायचं धाडस झालं नाही."

"बरं केलंत," मी म्हणाले. चंदेरी कागदाचे तीन वेढे दिले होते, त्यातून उजेड आत गेला नसणार, ते त्यांना सांगितलं. फोन ठेवल्यावर मात्र फ्रीझर उघडून कुपीवरचा कागद पुन्हा एकदा तपासला, आणि मग माझं मलाच हसू आलं.