सोळा किलोचं लोखंड

"उचलायचंय ना तुला? मग उचल. डोक्यावर धर."

सकाळी सात वाजता, भरलेल्या जिममध्ये तो मला हे म्हणाला. हिंजवडीतल्या एका टॉवरची जिम. मी तिथं झाडू-पोछा करायची. पुसता पुसता एक केटलबेल, मोठ्या कुलपासारखं कडीचं लोखंडी वजन, मी नुसतं उचलून पाहिलं होतं. एवढाच गुन्हा.

तो परका नव्हता. माले गावाच्या पलीकडच्या आमच्याच गावचा. त्याच्या बापाच्या खाचरात माझ्या आईनं जन्मभर भात लावला. प्यायला पाणी तिच्या ओंजळीत वरून ओतायचे. पुढं जमीन विकून त्यांनी इथं फ्लॅट घेतले. मी कुठल्या वस्तीतली, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"चुकलं दादा. ठेवते जागेवर."

"आता काय ठेवतीस? बाटवलंस ना? धर वर."

सोळा किलो. दोन्ही हातांनी डोक्यावर. तो मोबाइलवर शूटिंग करत मोठ्यानं आकडे मोजत होता. आकडा चाळीसच्या आसपास गेला तशी कोपरं लटपटली. लोखंड खांद्यावर आलं. हाड वाजलं. मी खाली बसले. त्यानं पायानं बादली ढकलली, काळं पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

"पूस ते."

ट्रेडमिलवर चौघं चालत होते. एकानंही पट्टा थांबवला नाही.

खांद्याचं हाड तडकलं होतं. दोन महिने हात गळ्यात. जांबे गावातल्या भाड्याच्या खोलीत पडल्या पडल्या मी त्याला रोज ठार मारायचे. कधी कोयत्यानं, कधी वरवंट्यानं. पण मनात मारतानाही माझे हात थरथरायचे. त्याच्यापेक्षा मला त्या हातांची जास्त चीड आली.

हात बरा झाला, कामावर गेले. जिमची ट्रेनर लातूरकडची पोरगी. त्या दिवशी तीही तिथंच होती. मध्ये पडली नव्हती. मी सरळ तिच्यासमोर उभी राहिले. "मला हे उचलायला शिकवा."

तिनं मान खाली घातली. म्हणाली, "साडेपाचला ये ताई. मेंबर यायच्या आत."

सुरुवात सहा किलोपासून. "हातानं ओढू नको. पाठ सरळ. कंबर मागं ने, मग पुढं झटका दे." मी हातानंच ओढायचे. ती परत सांगायची. पहिल्या आठवड्यात संडासला बसता येईना. तळहाताची सालं निघाली. जुनं हाड ठणकायचं. मी जायचेच. जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली होती. हे पहिलं वजन मी माझ्यासाठी उचलत होते. पाच महिन्यांनी बारा किलो झुलवायला लागले.

एका पहाटे तो लवकर आला. मी पाठमोरी होते. त्यानं मागून माझा अंबाडा धरला आणि हिसडा दिला.

"लई माज आला व्हय गं तुला?"

माझ्या हातात बारा किलो लोखंड होतं. ते मी खाली ठेवलं. जाणूनबुजून ठेवलं. मग वळले आणि कमरेतून सगळा जोर काढून त्याच्या छातीवर दोन्ही हात मारले. तो आरशावर आदळला. काच तडकली. डोक्यातून रक्त आलं. तो हात उगारून परत आला, तेव्हा त्याचं मनगट धरलं आणि पिरगळत गेले. तो गुडघ्यावर बसला, ओरडायला लागला.

"अंगाला हात लावायचा न्हाई," मी म्हणाले. माझा हात थरथरला नाही.

त्याच दिवशी कामावरून काढलं. संध्याकाळी त्याचा बाप गावातली दोन माणसं घेऊन खोलीवर आला. माफीचा कागद त्यांनी लिहूनच आणला होता.

"पोरी, त्याच्या पाया पड. सही कर. मिटवून टाकू. तुजी आय आमच्याच जिवावर जगली."

"माजी आय तुमच्या जिवावर जगली न्हाई. तुमी तिच्या जिवावर जगला."

कागद त्यांच्यासमोर फाडला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ट्रेनर सोबत आली. पहिल्या दिवशीचंही सगळं तिनं जबाबात सांगितलं. तिचीही नोकरी गेली.

त्यांनी माझ्यावर उलटी केस टाकलीय. आरसा फोडला, मारहाण केली.

होय, केली. कोर्टात विचारतील तेव्हाही हेच सांगणार. आणि उद्या परत कुणी माझ्या केसांना हात घातला, तर परत करणार.