अर्ध्या सिनेमाची ग्रेड

साऱ्या वर्धा जिल्ह्यात निःपक्ष म्हणावा असा माणूस एकच झाला, आणि दैवाने तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. सिंदीला जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी आली की कापसात हात घालून माल कोणत्या प्रतीचा आहे ते सांगायचं, एवढंच काम. पण ते डोळे मिटून करायचे. दोन्ही अंगठ्यांत पुंजका धरायचा, धागा ओढायचा, आणि मग ग्रेड बोलायची. "गाडी कोनाची हाये हे दिसलं का बोटं खोटं बोलतेत," म्हणायचे. अशाच मिटल्या डोळ्यांनी त्यांनी एकदा खुद्द सासऱ्यांच्या कापसाला सगळ्यांत खालची ग्रेड दिली. त्या पोळ्याला सासरे त्यांच्याशी अक्षर बोलले नाहीत, आणि दोन जावयांचं तूप एकट्या माझ्याच पुरणपोळीवर पडलं. मी ते खाल्लं. साडभाऊ कोरडी पोळी मन लावून जेवले आणि वर "पुरनाले ग्रेड चांगली हाये" असं सासूबाईंना सांगून आले.

ग्रेड देण्याची ही खोड जिनिंगच्या फाटकातून त्यांच्याबरोबर घरी यायची. पाहुण्यांकडचे पोहे, कीर्तनकाराचा आवाज, डॉक्टरांचं इंजेक्शन, कशालाही ते ग्रेड देत. धाकट्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर यांनी मुलाच्याच बाजूने बसून "आमचा पोरगा मधल्या ग्रेडचा हाये, इचार करून घ्या," असं सांगितलं. मुलीच्या बापाला ते इतकं आवडलं की लग्न तिथेच ठरलं. मेहुण्याने मात्र त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पण खरी मजा सिनेमाला. हा गृहस्थ सुरुवातीची श्रेयनामावली संपेपर्यंत थिएटराच्या बाहेर उभा राही. पैसा कोणाचा, दिग्दर्शक कोण, हे आधी कळलं की गाडीचा मालक दिसल्यासारखं व्हायचं त्यांना. मग अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत आत यायचे आणि चुकून भलत्याच बाईशेजारी बसायचे. ताई दर वेळी पदराआड तोंड लपवीत. जुन्या सिनेमाची नवी आवृत्ती आली की ते तिला 'फरदड' म्हणत. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटायची सोडून, पाणी देऊन त्याच झाडावर पुन्हा कापूस घ्यायचा, ती फरदड. धागा आखूड, आणि अळीला मात्र आयतं घर.

आमची दोघांची लग्नं पाठोपाठ झाली, त्या वर्षी पुलगावच्या टॉकीजमध्ये आम्ही एक सिनेमा पाहिला होता. गुंडांनी घर उद्ध्वस्त केलेला एक पोस्टमन, पोलीस दाद देत नाहीत म्हणून, एकेकाला शोधून मारतो. आम्ही दोघांनी शिट्ट्या मारल्या. मी तेव्हा एका साप्ताहिकात नुकताच लिहायला लागलो होतो. 'दुबळ्याच्या हातात अखेर न्याय आला' असं मी छातीठोकपणे लिहिलं. ते कात्रण साडभाऊंनी जपून ठेवलं होतं. माझ्या लेखनाचा असा दुसरा वाचक मला पुढे मिळाला नाही.

तीन वर्षांमागे त्याच पोस्टमनची फरदड आली. नवा हिरो निवडणुकीत एका पक्षाच्या मंचावर हात हलवून गेलेला. त्या पक्षाचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे गावाला ठाऊक आहे. वर्ध्याला दुपारच्या खेळाला साडभाऊ, ताई आणि मी असे तिघं गेलो. मध्यंतर झालं तसा मी उठलो. पुढचं सगळं माहीत आहे, पुलगावची बस गाठतो, म्हणालो.

"बसा न, साडभाऊ. अर्ध्या कापसावर ग्रेड देतेत काय?" त्यांनी माझी बाही धरली. मी ती सोडवून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं की हा सिनेमा खुनाचा जयजयकार करतो, अखेरच्या टाळीपर्यंत. अखेर मी पाहिलेली नव्हती. आमच्या बाजूचे लोक वा वा म्हणाले. दुसऱ्या एका वृत्तपत्रात दुसऱ्या बाजूच्या कोणी त्याच सिनेमाला डोक्यावर घेतलं. साडभाऊंनी दोन्ही कात्रणांवरची नावं फाडली आणि मी सिंदीला गेलो त्या दिवशी जिनिंगपुढच्या चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचली. लिहिणारे मत कोणाला देत असतील, एवढंच त्यांनी विचारलं. दोन्ही लेखांत पक्षाचा शब्दही नव्हता, तरी हमालापासून मुनीमजीपर्यंत सगळ्यांनी बरोबर ओळखलं. टपरी हसली. मीही हसायला हवं होतं.

मी चिडलो. म्हणालो, काळ बदलला की त्याच गोष्टीचा अर्थ बदलतो. तेव्हाचा पोस्टमन एकटा होता. आज त्याच्यामागे झुंड उभी आहे. हे मला आजही खरं वाटतं.

"फरदडीत अळी हाये, मान्य," ते म्हणाले. "पन मंग मूळ पऱ्हाटीत नव्हती काय? तवा आपन शिट्या काऊन मारल्या?"

उत्तर सुचलं नाही की माणूस घाव घालतो. "तुम्हाला राजकारण कळत नाही," मी चार माणसांत म्हणालो, "तुम्ही सरकी चिवडा." मनात धरूनच बसलो होतो की हे त्या पक्षाच्या लोकांना मिळाले.

"बराबर हाये," एवढंच बोलून ते आत गेले. मी अर्ध्यातून उठलो होतो, हे टपरीवर एका शब्दात सांगितलं असतं तर माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नंतर लग्नाकार्यात भेटलो, "काय म्हनता, बरं हाये?" झालं. सिनेमाला मात्र पुन्हा कधी बरोबर गेलो नाही. माफी मागायला मी दोनदा सिंदीच्या स्टेशनावर उतरलो आणि दोनदा पलीकडच्या गाडीने परत आलो. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

दिवस झाल्यावर ताईंपाशी बसलो होतो. न राहवून विचारलं, "ताई, त्या सिनेमाला त्यांनी शेवटी काय ग्रेड दिली होती?"

"कुठची ग्रेड? पाह्यला कुठं त्याईनं पुरा? तुमी निंघून गेले न, त्याइले करमेच ना. म्हने, साडभाऊले राग आला वाट्टे, चाल. मले घेऊन तुमच्या मांगं मांगं स्टँडवर आले. तुमची बस निंघून गेलती."

"मग मला बोलले का नाहीत?"

"काय बोलतीन? मी म्हनलं होतं, सांगा न त्याइले, मी बी अर्धाच पाह्यला. तर म्हने, राहू दे. पुरा पाहू एखाद्या दिवशी दोघं जनं, मंग भांडू."

आता तो सिनेमा मोबाइलवर केव्हाही दिसतो. मी मध्यंतरापर्यंत दोनदा पाहिला. तिथे आलो की थांबवतो. ते असते तर पुढचा पाहिला असता, आणि मग मनसोक्त भांडलो असतो.