मागच्या काचेचा वायपर

सैन्यातल्या नोकरीत चंदीगडला बदली झाली आणि मी हौसेने एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आतल्या बाकांचा पलंग व्हायचा, खिडक्यांना पडदे होते आणि मागच्या काचेला वायपरही होता. सिमला, कसौली, सगळं पालथं घालायचा बेत होता. पण ते पंजाबातले दहशतीचे दिवस. मोहालीला जाऊन यायचं तरी वाटेत नाके, आणि पडदे दिसले की मागचं दार उघडून झडती. हिंडणं राहिलं, झडत्या तेवढ्या झाल्या.

त्यातच कधीतरी वायपर बंद पडला, पण त्याच्यावाचून अडत नव्हतं. थंडीत सकाळी काच दवाने आंधळी व्हायची. बायको ती फडक्याने पुसायची आणि मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या... बास" म्हणायची. मी डोंगरात ट्रक हाकलेला माणूस, पण घरच्या फाटकातून तिच्या 'बास'शिवाय कधी बाहेर पडलो नाही.

दिवाळीला ती लेकीला घेऊन साताऱ्याला गेली. इकडच्या बातम्या वाचून सासऱ्यांनी परतीचं तिकीट लांबवलं. मी काच स्वतः पुसू लागलो, पण वायपरला हात लावला नाही. तो चालू झाला तर तिचं एक काम कमी होईल, असं काहीतरी खुळचट मनात होतं.

मग एका शनिवारी ट्रंककॉल आला. लेकीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं होतं. "तुमची बदली होईपर्यंत आम्ही इथेच राहतो," ती म्हणाली. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच दुपारी रागारागाने वायपर उघडला. मोटर ठणठणीत होती. दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीत वायर तुटली होती. झडतीसाठी दार उघडून-मिटून दुसरं काय होणार? मध्ये नवा तुकडा जोडला, टेप गुंडाळली. वायपर कुरकुरत फिरला. कौतुक करायला घरात कोणी नव्हतं.

रविवारी सकाळी भाजीला सेक्टर २२ ला निघालो. वायपरने काच लख्ख पुसली. फाटक, रस्ता, समोरचं झाड, सगळं दिसत होतं, आणि माझा पाय ब्रेकवरून निघेना. शेजारचे वयस्क सरदारजी पेपर घ्यायला बाहेर आले होते. मी अडलोय असं वाटून ते मागे जाऊन उभे राहिले. "आउण दिओ जी, आउण दिओ." तेच, 'येऊ द्या, येऊ द्या'.

मी गाडी काढली आणि नाक्यापर्यंत रडत गेलो. तिथे शिपायाने पडद्यांकडे बोट दाखवलं.

"पीछे कौन है?"

"कोई नहीं," मी म्हणालो आणि दार उघडायला खाली उतरलो.