काकांची लिफ्ट

मुलुंडला आमच्या मागच्या बंगल्यात राहणाऱ्या काकांनी रिटायर झाल्यावर घरच्या गॅरेजात गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. कुठलंही यंत्र बिघडलं की त्यांचं निदान एकच: "काही नाही रे, एअर धरलीय." पाण्याचा पंप असो नाहीतर काकूंचा मिक्सर. मिक्सरमध्ये एअर कुठून शिरणार, हे विचारायची माझी हिंमत नाही.

रविवारी त्यांनी हौसेने माझी गाडी वर चढवली आणि लिफ्ट वरच अडकली. खाली घ्यायचं बटण दाबलं की नुसती गुरगुरायची. संध्याकाळी मला आईला आणायला मानखुर्दला जायचं होतं. काकांनी नळीचा नट सैल केला, तर तेलाची पिचकारी थेट त्यांच्या बनियनवर!

"बघ, एअरच होती," ते खूश. गाडी मात्र तिथेच.

"काका, लिफ्टवाल्या मेकॅनिकला बोलावू या ना."

"त्याला काय कळतंय!"

मग माझा चेहरा बघून ते आत गेले आणि स्वतःच्या गाडीची चावी घेऊन आले. त्या गाडीत काकूसुद्धा चपला झटकून बसतात. मला अगदी भरून आलं.

"तोवर ही ने," काका म्हणाले. "ब्रेक जरा खोल जातो. घाबरू नकोस रे, एअर धरलीय."