पानथरी

नूतनला रिकामं बसणं कधी जमलंच नाही. जोह्याच्या मूर्ती-कारखान्यात आम्ही बायका डबा खाऊन जरा भिंतीला टेकायचो, तेव्हाही ही पॉलिश पेपर घेऊन एखादी मूर्ती घासत उभी. "बस की गो जरा," म्हटलं की म्हणायची, "बसलं का डोक्यात नको ते येतं."

गेल्या वर्षी भातकापणीनंतर तिची दिपिका, तिसरीतली पोर, बांधावरून सायकलसकट उलटली. हँडल पोटात घुसलं. रक्ताचा थेंब नाही, डाव्या बरगडीखाली नुसता लाल वळ. नूतनच्या सासूनं, बायजाबाईनं, तेलाची वाटी आणली. "चोळते, उतरंल." पण पोर घामानं गार पडलेली, आणि लागलं पोटाला तरी खांदा दुखतो म्हणत होती. नूतननं वाटी बाजूला सारली, रिक्षा बोलावली. नवरा नितेश नागोठण्याला शिफ्टवर होता. त्याला फोनवर "पेणला ये" एवढंच सांगितलं.

पेणला सोनोग्राफी झाली. डाव्या बरगडीखालची पानथरी, म्हणजे प्लीहा, फाटून पोटात रक्त साचत होतं. डॉक्टरांनी रक्त चढवायला घेतलं आणि सरळ सांगितलं, "पोट मी उघडू शकतो. पण मी मोठ्या माणसांचा सर्जन. मी उघडलं तर पानथरी बहुतेक काढावी लागेल. मुंबईत पोरांचंच हॉस्पिटल आहे, तिथं पानथरी वाचू शकते. आत्ता बीपी टिकलंय, म्हणून पाठवतो म्हणतोय."

नितेश घाबरला. "इथंच करा साहेब. वाटेत काय झालं म्हंजे?"

नूतननं विचारलं, "बरोबर कोन येईल?"

"सिस्टर येतील. बीपी घसरलंच तर पनवेलला थांबायचं, तिथं बोलून ठेवतो."

"मंग नेतो."

रोहिणी सिस्टर बरोबर आल्या. जोह्याचा फाटा मागे गेला तरी नूतनचं लक्ष नव्हतं. ती पोरीचे पाय चोळत होती. पनवेलला सिस्टरनी बीपी बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला पुढं."

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आम्ही कापणार नाही, थांबणार. नूतन भडकली. "कापायचं नाय तर एवढ्या लांब आनली कशाला?"

"मुलांची पानथरी पुष्कळदा आपली आपण सांधते, ताई. पण सारखा डोळा ठेवावा लागतो. बिघडलंच तर कापणारी माणसं त्याच क्षणी हजर लागतात. ती इथं आहेत."

थांबणं! नूतन पॅसेजमध्ये येरझारा घालू लागली. लोकांच्या चादरी घड्या केल्या, खिडकीचे गज पुसले, वॉचमन ओरडला तरी थांबेना. संध्याकाळी दिपिकाच्या रक्ताचं प्रमाण उतरलं, ऑपरेशनची तयारी झाली, पुन्हा रक्त चढवलं आणि ते कसंबसं टिकलं.

शेजारच्या खाटेवर खांब गावचा प्रणित होता. हायवेवर गाडीनं उडवलेला, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरत इथवर आलेला. उजाडता उजाडता तो गेला. त्याची आई पुतळी पॅसेजमध्येच खाली बसली. नूतन तिच्याजवळ बसली, हात हातात घेऊन. सकाळ सरली, जेवणाच्या गाड्या गेल्या, नितेशनं दोनदा हाक मारली. नूतन उठली नाही.

दिपिका न कापता बरी झाली. घरी आल्यावर महिनोन्‌महिने धावायची बंदी. तिला एका जागी बसवून ठेवताना नूतनच रडकुंडीला यायची. आता गावात कुणाचं पोर पडलं तर ती चप्पलही न घालता पोचते. "आधी पेणला न्या, येळ नका काढू. मंग डॉक्टरला इचारा, पोरांचा डॉक्टर कुठं हाय."

होळीआधी ती एसटीनं खांबला जाऊन आली. पुतळीनं चहा टाकला, पाठ वळवूनच विचारलं, "दिपिका कशी हाय गो?"

नूतन मला सांगत होती, "'बरी हाय' म्हनायचं होतं नुसतं. ते सोडून तिची मोरीतली सगळी भांडी घासून आले."