सरड्याचा रामराम

देवपुरात आमच्या शेजारच्या भाऊंच्या घरी काचेच्या पेटीत एक दाढीवाला सरडा आहे. बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात त्याला. मुलाने हौसेने आणला आणि नोकरीला जाताना मागे ठेवला. चारचौघांत भाऊ अगदी ऑफिसातलं मराठी बोलतात, सरड्याशी मात्र फक्त अहिराणी. भोपळ्याचा कीस पुढे करत विचारतात, "काय रे बाबा, जेवना का?" सरडा पुढचा पंजा उचलून हवेत हळूच फिरवतो. हा त्याचा रामराम, असं भाऊंचं म्हणणं. तेही हात जोडून उलट रामराम करतात.

परवा भाऊंच्या मुलीला बघायला भडगावचे पाहुणे आले, तेव्हा मीही तिथेच होतो. पोहे चालू असतानाच पेटीवर टाकलेली चादर घसरली. नवऱ्या मुलाच्या आईने पदर नाकाला लावला.

"ही घोरपड तुमची?"

"छे, छे! यांची आहे," भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीही हो म्हणालो.

पाहुणे गेल्यावर भाऊ पेटीपाशी उभे राहिले. सरड्याने नेहमीसारखा पंजा फिरवला. भाऊंचे हात काही जुळले नाहीत. परक्या माणसाशी बोलावं तसं ते सरड्याला खालच्या आवाजात म्हणाले, "माफ करा हं."

मी गुपचूप चपला शोधू लागलो.